पत्राचा पोशाख उतरतो तेव्हा

जुन्या टपालातल्या पत्राला दोन भाषा असायच्या, एक लिहिलेली आणि एक न लिहिलेली. लग्नाच्या पत्राच्या कोपऱ्यांना हळदीकुंकवाची बोटं लागलेली असत. ती पाहूनच घर हसायला लागायचं. मृत्यूची बातमी आणणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडलेला असायचा. पोस्टमनच्या हातात तो दिसला की वाचण्याआधीच काळजात चर्र व्हायचं. तारेला मात्र ही दुसरी भाषा नव्हती. तारेतून फक्त शब्द जायचे. आपल्याकडची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण पत्र आणि तार यांच्यातला हा फरक संपलेला नाही. तो आता ई-मेलच्या पेटीत येऊन बसला आहे.

ई-मेलही दोन तऱ्हांची असते. एक सजवलेली. तिच्यात ठळक अक्षरं, लाल शाई, तक्ते, चित्रं असं सगळं असतं. दुसरी साध्या मजकुराची, म्हणजे प्लेन टेक्स्टची. पुष्कळदा असं होतं की पाठवणारा सजवलेलं पत्र पाठवतो आणि घेणाऱ्याला ते साधं दिसतं. लाल रंग गेला, तक्ता मोडला, अधोरेखा पुसली. मग दोघंही एकमेकांवर खेकसतात. एक म्हणतो, ‘मी नीट पाठवलं होतं’. दुसरा म्हणतो, ‘मला असंच आलं’. दोघंही खरंच बोलत असतात.

आमच्या नागापुरात एमआयडीसी आहे. शेजारचा एक पोरगा तिथल्या एका लहानशा कारखान्यात लेथवर काम करतो. एका संध्याकाळी तो मोबाइल घेऊन आला आणि म्हणाला, “चाचा, तुमचा कवितांच्या मेलांचा रोजचा व्यवहार. हे जरा बघा ना. यातलं खरं माप कोणतं?” गिऱ्हाइकाने सुट्या भागाची मापं पाठवली होती. एका ओळीत ‘४२ ४५’ असे दोन आकडे शेजारी शेजारी उभे होते. मी म्हटलं, “बाबा रे, यातला एक आकडा खोडलेला असणार. खोडल्याची रेघ वाटेत गळाली आहे. आधी फोन कर, मग जॉब लाव.” त्याने फोन केला. गिऱ्हाइकाने जुन्या मापावर काट मारून नवं माप लाल रंगात लिहिलं होतं. साध्या मजकुरात काट गेली, लाल रंगही गेला, आणि रद्द झालेला आकडा पुन्हा जिवंत झाला. फोन केला नसता तर सगळा लॉट भंगारात गेला असता. नुसती शोभा गेली तर कोणाचं काही बिघडत नाही. अर्थच शोभेच्या खुंटीला टांगलेला असेल, तर मात्र शोभेबरोबर तोही जातो.

हे का होतं, ते समजायला थोडं मागे जायला हवं. ई-मेल जन्मली ती तारेच्या कुळात. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने जाळ्यातल्या एका संगणकावरून दुसऱ्यावर निरोप पाठवला. त्या काळच्या निरोपांसाठी १२८ चिन्हांचा एक संच होता. त्यात इंग्रजी अक्षरं, अंक, विरामचिन्हं आणि यंत्राला द्यायच्या काही खुणा एवढंच होतं. ठळक अक्षर नव्हतं, रंग नव्हता, आणि आपला ‘अ’ तर नव्हताच. १९९२ मध्ये नॅथॅनियल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड या दोघांनी ‘माइम’ नावाचे नियम मांडले. पत्रात काय भरलं आहे हे सांगणारी चिठ्ठी पत्रालाच लावायची, ही त्यातली मुख्य युक्ती. हा मजकूर साधा, हा सजवलेला, हे चित्र, हा आवाज, असं ती चिठ्ठी सांगते. बोरेनस्टीन यांनी त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्या गाणाऱ्या चौकडीचा फोटो आणि ध्वनिमुद्रण ई-मेलला जोडून पाठवलं होतं. पुढे १९९६ मध्ये साबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केलं. त्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एचटीएमएल ही चार अक्षरं मुद्दाम मोठी ठेवलेली होती. एचटीएमएल म्हणजे वेबपान सजवण्याची भाषा. आजची सजवलेली ई-मेल हीच भाषा बोलते.

आता गंमत पाहा. सजवलेल्या पत्राच्या पाकिटात बहुधा एकाच मजकुराच्या दोन प्रती असतात. आधी साधी, मग सजवलेली. वाचणाऱ्याच्या यंत्राने आपल्याला झेपेल ती सर्वांत चांगली प्रत दाखवावी, असा संकेत आहे. म्हणून पत्र साधं दिसलं तर कारण तीनच ठिकाणी शोधायचं. पाठवणाऱ्याने सजवलेली प्रत भरलीच नाही, किंवा ती वाटेत काढली गेली, किंवा ती आली आहे पण आपलं यंत्र दाखवत नाही.

यातलं नेमकं कोणतं, हे ओळखायला एक प्रश्न पुरतो. सगळ्यांचीच पत्रं साधी दिसतात की एकाचीच?

सगळ्यांचीच दिसत असतील तर आपल्या घरात पाहावं. संगणकावरच्या आउटलुकमध्ये ‘ट्रस्ट सेंटर’ या भागात सर्व पत्रं साध्या मजकुरात वाचण्याची एक खूण असते. कार्यालयातले संगणकवाले ती सुरक्षेसाठी लावून ठेवतात. ती काढली की रंग परत येतात, कारण सजवलेली प्रत पाकिटातच असते. एखादंच पत्र साधं असेल तर ते ‘जंक’च्या खणात पडलं आहे का ते बघा. आउटलुक त्या खणातली पत्रं साधी करूनच दाखवतं. पाठवणारा ओळखीचा असेल तर पत्र इनबॉक्समध्ये हलवा.

एकाच माणसाची पत्रं साधी येत असतील तर दोष बहुधा त्याच्या टोकाला असतो. जीमेलमध्ये पत्र लिहिताना खाली तीन टिंबं दिसतात. त्यांच्या आत ‘प्लेन टेक्स्ट मोड’ अशी ओळ असते. चुकून तिच्यावर बोट पडलं की सजावट जाते, आणि ती खूण पुढच्या पत्रांनाही चिकटून राहते. खूण काढल्यावर आधीची सजावट आपोआप परत येत नाही, ती पुन्हा करावी लागते. आणखी एक बाब आहे. आलेलं पत्र साधं असेल तर त्याला दिलेलं उत्तरही पुष्कळदा साधंच जातं. मग दोघांचा सगळा पत्रव्यवहार त्याच वळणावर चालत राहतो. अशा वेळी नवं पत्र उघडून लिहावं.

काही लक्षणं वेगळी असतात. मजकुरात टोकदार कंसांतले इंग्रजी शब्द विखुरलेले दिसले, तर सजवलेली प्रत आली आहे पण तिच्यावरची चिठ्ठी चुकली आहे. यंत्र सजावटीच्या सूचनाच मजकूर समजून वाचून दाखवतं. नाटकातल्या नटाने संवादाबरोबर ‘उजवीकडून प्रवेश’ हेही म्हणावं, तसा हा प्रकार. ‘विनमेल डॉट डॅट’ नावाची न उघडणारी फाइल जोडून आली, तर पाठवणाऱ्याच्या आउटलुकने ‘रिच टेक्स्ट’ या आपल्या खासगी बोलीत पत्र पाठवलं आहे. त्याला एचटीएमएल निवडायला सांगावं. बरोबरीचं चिन्ह, मग ई आणि शून्य, पुन्हा बरोबरीचं चिन्ह, ए आणि चार, अशी लांबलचक रांग दिसली तर घाबरू नका. ती देवनागरीच आहे. प्रवासासाठी बांधलेली गाठोडी मुक्कामी कुणी सोडली नाहीत, एवढंच. पत्र दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावं, नाहीतर पुन्हा मागवावं.

इथवरचा भाग जगातल्या कुणालाही लागू आहे. मराठी माणसाची गोष्ट मात्र याहून अवघड होती. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही बराच काळ आपण जे फॉन्ट वापरत होतो, त्यांच्या पोटात इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक होते. वर फक्त देवनागरी चेहरा चढवलेला होता. सजवलेल्या पत्रात त्या फॉन्टचं नाव सोबत जायचं. समोरच्याकडे तोच फॉन्ट असला तर मराठी दिसायची. पत्र साधं झालं की फॉन्टचं नाव गळायचं आणि कविता, निमंत्रण, श्रद्धांजली, सगळ्याची इंग्रजी अक्षरांची भेळ व्हायची. इंग्रजीचा पोशाख गेला तर इंग्रजी उरत होती. मराठीचा पोशाख गेला की मराठीच जात होती.

या दुखण्यावर आपल्याकडेही काम झालं. आयआयटी कानपूरमध्ये रुजलेलं ‘जिस्ट’ तंत्रज्ञान पुण्याच्या सी-डॅकने वाढवलं. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे राष्ट्रीय मानक १९९१ मध्ये आलं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला. विंडोज २००० पासून तो घरगुती संगणकात उतरू लागला. युनिकोडमधला ‘ळ’ साध्या मजकुरातही ‘ळ’च राहतो, कारण तो आता चेहऱ्यात नाही, पिंडात आहे. म्हणून जुन्या फॉन्टमधलं लेखन ज्यांच्या कपाटात आहे, त्यांनी ते युनिकोडमध्ये बदलून घ्यावं. तो फॉन्ट आपल्याबरोबर संपला, तर मागच्या पिढीला त्या फाइलीत मराठी आहे हेसुद्धा कळणार नाही.

माझ्या धंद्यातलं एक दुखणंही सांगतो. कवितेला ओळ मोडणं म्हणजे श्वास घेणं. साध्या पत्रात लांब ओळ साधारण सत्तर-अठ्ठ्याहत्तर चिन्हांच्या आसपास तोडण्याची जुनी रीत आहे. त्यामुळे गझलेतल्या शेराच्या दोन ओळींच्या कधी तीन होतात, आणि रदीफ एकटाच खाली लोंबतो. उलट, आउटलुकमध्ये साध्या पत्रातल्या ‘जादा’ ओळी आपणहून जोडण्याची सोय आहे. यंत्राला काय ठाऊक, कोणती ओळ जादा! कवितेचं गद्य होतं. तेव्हा पत्राच्या वरच्या पट्टीत ओळी काढल्याची सूचना येते. तिच्यावर टिचकी मारली की ओळी परत येतात. आणि कविता पाठवायचीच असेल तर पत्रातल्या मजकुराबरोबर तिची पीडीएफही जोडावी.

इतकं सांगितल्यावर कुणाला वाटेल की साधा मजकूर म्हणजे दरिद्री प्रकार. तसं नाही. सजवलेल्या पत्रात बँकेचं नाव दाखवून खाली भलत्याच पत्त्याचा दुवा लपवता येतो. साध्या मजकुरात दुव्याचा पत्ता उघडा पडतो. पत्र उघडलं की पाठवणाऱ्याला गुपचूप वर्दी देणारी बारीक चित्रंही त्यात नसतात. म्हणून काही लोक जाणूनबुजून साधंच वाचतात, आणि आपलं पत्र कोण कसं वाचणार हे आपल्या हाती नसतं.

आपल्या हाती आहे ते लिहिणं. कोपरा फाडलेल्या कार्डातही ‘अमुक वारले’ हे शब्द लिहिलेले असायचेच. फाटका कोपरा मनाची तयारी करायचा, बातमी शब्दच द्यायचे. तोच नियम पाळावा. लाल रंग जरूर द्या, पण सोबत ‘महत्त्वाचं’ असं लिहा. आकड्यावर काट मारू नका. ‘जुनं माप ४२ रद्द, नवं माप ४५’ असं लिहा. औषधाच्या वेळा तक्त्यात मांडल्या तर त्याच वेळा खाली एकेका ओळीत पुन्हा द्या. पाठवण्याआधी पत्र फोनवर कुणाला तरी वाचून दाखवतो आहोत अशी कल्पना करा. ऐकणाऱ्याला नीट कळलं, तर ते कुठल्याही यंत्रावर कळेल. आकाशवाणीवर बोलणाऱ्याला ही अट रोजचीच आहे. इथे ना ठळक अक्षर, ना लाल शाई. जे काही पोचवायचं ते शब्दांनीच पोचवावं लागतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)