गृहरंगांची निवड आणि मराठीतील रंगवाचक शब्द

जुन्या घराची डागडुजी निघाली म्हणजे भिंती, दारे, खांब आणि तुळया यांना कोणता रंग द्यावयाचा, हा प्रश्न बहुधा सर्वांत शेवटी उपस्थित होतो आणि तो बहुधा शब्दांनीच सोडविला जातो. घरमालक ‘बदामी’ म्हणतो, रंगारी मान डोलवितो, आणि चार दिवसांनी भिंतीवर जे उतरते ते पाहून दोघांत वाद सुरू होतो. हा वाद अभिरुचीचा आहे अशी सामान्य समजूत आहे. वस्तुतः त्याचा बराचसा भाग अर्थविचाराच्या कक्षेत येतो. दोघांनीही शब्द चुकीचा वापरलेला नसतो. त्या शब्दावर जेवढा भार टाकण्यात आला, तेवढा पेलण्याचे सामर्थ्य त्याच्या ठायी नसते, एवढेच.

‘बदामी’ हाच शब्द घेऊ. बदामाचे टरफल फिकट मातकट, आतली साल तपकिरी आणि गर पिवळसर पांढरा. शब्दाने यांपैकी नेमके काय अभिप्रेत आहे हे शब्द सांगत नाही. ‘आमसुली’ म्हणजे वाळलेल्या आमसुलाचा काळपट रंग की पाण्यात भिजविल्यावर सुटणारा तांबडा-जांभळा? ‘पिस्ता’, ‘वांगी’, ‘मोतिया’ यांचीही तीच गत. मराठीत रंगांची नावे विपुल आहेत, पण त्यांतील बहुसंख्य वस्तूंवरून सिद्ध झालेली आहेत. आणि वस्तू ही एकरंगी क्वचितच असते. शिवाय अबोली, चिंतामणी, मोरपंखी, पारवा यांसारखी नावे लुगड्यांच्या व्यवहारात रुळलेली. रेशमाच्या झळाळीसह ती मनात ठसलेली असतात. तीच नावे चुन्याच्या निस्तेज भिंतीला लावली म्हणजे रंग तोच राहूनही ‘तो हा नव्हे’ असे वाटते.

याहून खोल अडचण निराळीच आहे. १९६९ साली बर्लिन आणि के या अमेरिकन अभ्यासकांनी मूलभूत रंगवाचकांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. वीस भाषांच्या भाषकांपुढे रंगीत ठोकळ्यांचा तक्ता ठेवून त्यांनी दोन प्रश्न विचारले : अमुक शब्दाचा सर्वांत अस्सल नमुना कोणता, आणि त्या शब्दाची हद्द कोठपर्यंत? अस्सल नमुन्याविषयी भाषकांत, एवढेच नव्हे तर भिन्न भाषांतही, पुष्कळ एकवाक्यता आढळली. हद्दीविषयी मात्र ती आढळली नाही. एकच भाषक निरनिराळ्या वेळी निरनिराळी हद्द आखतो असेही दिसून आले. या ग्रंथातील उत्क्रांतिक्रमाच्या सिद्धान्तावर पुढे बराच वाद झाला व त्यात दुरुस्त्याही झाल्या. परंतु केंद्र स्थिर आणि सीमा अस्थिर, हे निरीक्षण गृहरंगांच्या बाबतीत विशेष उपयोगी आहे. कारण राहत्या घराच्या भिंतीला अस्सल तांबडा किंवा अस्सल हिरवा रंग सहसा कोणी देत नाही. भिंतीसाठी निवडले जाणारे रंग जवळजवळ सर्वच सीमेवरचे असतात : पांढऱ्याकडे झुकलेला पिवळा, करड्याकडे झुकलेला निळा, तपकिरी म्हणावा की गुलाबी असा संभ्रम पाडणारा. भाषा जेथे सर्वांत दुबळी, नेमकी तेथेच घरमालक तिच्यावर सर्वांत अधिक विसंबतो.

मराठीला या सीमाप्रदेशात चालण्यासाठी साधने नाहीत असे मात्र नाही. पिवळट, पांढरट, तांबूस, निळसर, काळपट हे प्रत्ययसाधित शब्द केंद्रापासून दूर जाण्याची दिशा दाखवितात. पांढराशुभ्र, हिरवागार, पिवळाधमक, लालभडक, निळाशार, काळाकुट्ट हे जोडशब्द उलट केंद्राकडे खेचतात. ही दुसरी मालिका मोठी मार्मिक आहे. तिच्यात रंगाबरोबर अभिप्रायही येतो. ‘पांढराशुभ्र’ आणि ‘पांढराफटक’ यांत रंगाचा भेद थोडा आणि पसंती-नापसंतीचा भेद मोठा. परंतु घराच्या कामात सर्वाधिक घोटाळा माजवितो तो ‘फिका’ हा साधा शब्द.

आल्बर्ट मुन्सेल याने १९०५ साली मांडलेल्या रंगलेखनपद्धतीत प्रत्येक रंगाची तीन परिमाणे मानली आहेत : वर्ण, म्हणजे तांबडा, पिवळा, निळा इत्यादी, उजळपणा, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या शिडीवरील त्याची पायरी, आणि दाटपणा, म्हणजे तेवढ्याच उजळपणाच्या करड्यापासून त्याचे अंतर. मराठीतील ‘फिका’ या शब्दात दुसरे आणि तिसरे परिमाण एकत्र झाले आहे. जो अधिक उजळ तोही फिका, आणि ज्याची दाटी कमी तोही फिका. ‘थोडा फिका करा’ असे सांगताच रंगारी त्यात पांढरा मिसळतो. भिंत उजळते, पण घरमालकाला खटकत होता तो भडकपणा, अंधार नव्हे. त्याला हवा होता तेवढाच गडद पण कमी दाट रंग. त्यासाठी पांढरा नव्हे तर किंचित काळा, करडा अथवा विरोधी वर्णाचा रंग घालावयास हवा होता. पुन्हा ‘फिका’ म्हटले की पुन्हा पांढरा पडतो. अशा रीतीने दोनचार फेऱ्यांत हिरवी भिंत औषधाच्या गोळीसारखी दिसू लागते. ‘उजळ हवा की मळका हवा’ असा प्रश्न केला तर हा घोटाळा टळतो. पण ‘मळका’ या शब्दाला निंदेची छटा असल्यामुळे स्वतःच्या घरासाठी तो उच्चारण्यास सहसा कोणी धजत नाही. ‘मातकट’ हा त्यातल्या त्यात बरा पर्याय होय.

शब्द निश्चित झाला तरी रंग निश्चित होत नाही. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यातील रंगविभागाचा प्रमुख शेव्र्‍यल याच्याकडे काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही अशी तक्रार गेली असता, दोष धाग्यात नसून शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या सान्निध्यात आहे, असे त्याने दाखवून दिले; त्याचा या विषयावरील ग्रंथ १८३९ मधील आहे. भिंतीची स्थिती याहून वेगळी नाही. शहाबादी फरशीच्या निळसर करड्याशेजारी पांढरट भिंत पिवळट भासते, आणि तांबड्या कोब्याशेजारी तीच हिरवट वाटू लागते. त्यात समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर प्रकाश फेकतात. प्रत्येक परावर्तनात रंगाची दाटी वाढत जाते. म्हणून नमुनापुस्तकातील दोन बोटांचा तुकडा सौम्य वाटतो आणि चारी भिंतींवर तोच रंग अंगावर येतो. दिव्याचा प्रश्न आणखी वेगळा. दोन पृष्ठभाग एका प्रकाशात तंतोतंत जुळतात आणि दुसऱ्या प्रकाशात विजोड दिसतात. दुकानातील पांढऱ्या दिव्याखाली पडद्याशी जुळविलेला रंग घरातील पिवळ्या दिव्याखाली जुळेलच, याची शाश्वती नसते.

माध्यमाचाही विचार आवश्यक आहे. चुन्याचा हात ओला असताना पारदर्शक व गडद दिसतो. हवेतील कर्बवायू शोषून त्याचे खडूसदृश द्रव्य बनते तसा तो पांढरा आणि अपारदर्शक होत जातो. ॲक्रिलिक इमल्शनचे उलट; ते ओले असताना दुधाळ आणि वाळल्यावर किंचित गडद. चुन्यात काव, पिवळी माती आणि कपड्यांची नीळ टिकते. प्रशियन निळा चुन्याच्या अल्कधर्मामुळे उडून जातो. गोवा आणि कोकणातील कावी चित्रे तांबडी-पांढरी आहेत यात केवळ परंपरा नाही, द्रव्याची ही मर्यादाही आहे. मातीच्या अथवा चुन्याच्या जुन्या भिंतीवर ओल कोंडणारा तैलरंग चढविला तर रंगाचे पोपडे सुटतात, आणि मग छटेची चर्चा निरर्थक ठरते.

लाकडाच्या बाबतीत तर निवडीचे स्वरूपच पालटते. भिंतीवरील रंग खालच्या पृष्ठभागाला झाकतो. लाकडावरील स्टेन त्याला झाकत नाही, त्यात मिसळतो. त्यामुळे लाकूड आहे त्याहून गडद करता येते, उजळ करता येत नाही. एकाच डब्यातील ‘अक्रोड’ छाप स्टेन सागावर एक, फणसावर दुसरे आणि देवदारावर तिसरे दिसते. ताज्या सागावर असमान, हिरवट-काळसर पट्टे असतात. उजेडात ते विरून सोनेरी तपकिरी रंग येतो. फणसाचे लाकूड आधी पिवळेधमक आणि वर्षांनुवर्षांनी तांबूस-तपकिरी होते. डागडुजीत कुजलेला भाग काढून जुन्या खांबाला नवा तुकडा जोडला जातो, तेथे ही गोष्ट विशेष नडते. नवा तुकडा त्याच दिवशी जुन्याशी जुळविला, तर तो पुढे स्वतःच्या गतीने पालटतो आणि जोड उघडा पडतो. काही आठवडे त्याला उजेड दाखवून मग रंग जुळविणे शहाणपणाचे. आडव्या कापाकडील टोक स्टेन अधिक पिते, म्हणून ते अधिक घासून गुळगुळीत करावे लागते. चपडी लाखेचे पॉलिश स्वतःच पिवळसर-तांबूस असल्याने हातागणिक दाटी वाढते. तेव्हा नमुना केवळ स्टेनचा पाहून चालत नाही. त्याच लाकडाची उरलेली ढलपी, तेवढीच घासलेली आणि पॉलिशचे सर्व हात दिलेली, पाहिली पाहिजे.

जुना तैलरंग खरवडताना आणखी एक खबरदारी हवी. भारतात २०१६ च्या नियमांनी घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांवर आणले व ते नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आले. त्यापूर्वीच्या रंगांत शिसे याहून कितीतरी अधिक असू शकते. असा रंग कोरडा घासल्यास त्याची धूळ लहान मुलांना घातक ठरते. तो भिजवून काढावा आणि मुलांना त्या खोलीपासून दूर ठेवावे.

या सर्वांवरून निवडीचा क्रम ठरतो. जे बदलता येत नाही ते आधी : फरशी, मग लाकूड, मग भिंत, आणि पडदे सर्वांत शेवटी. प्रत्यक्ष व्यवहारात बहुधा याच्या उलट होते. भिंतीचा नमुना हातभर रुंद असावा, दोन वेगवेगळ्या भिंतींवर द्यावा, पूर्ण वाळू द्यावा आणि सकाळी, दुपारी व दिवा लावल्यावर पाहावा. एकच नमुना पाहून ‘हा कसा?’ असे विचारण्यापेक्षा तीन नमुने शेजारी ठेवून ‘यांपैकी अधिक मळका कोणता?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मनःस्थितीप्रमाणे बदलते, दुसऱ्याचे सहसा बदलत नाही. भाषेला निरपेक्ष रंग सांगता येत नसला तरी तुलना उत्तम सांगता येते. नमुनापुस्तकातील क्रमांकही मिश्रणाचे प्रमाण सांगतो, दृश्याचे नव्हे. तोच क्रमांक चकचकीत पोतात गडद आणि निस्तेज पोतात पांढुरका दिसतो. म्हणून रंगाऱ्याच्या वहीत क्रमांकाबरोबर पोत, हातांची संख्या आणि अस्तराचा रंग यांचीही नोंद ठेवावी, आणि त्याच रंगाने माखलेली एक पट्टी माळ्यावर नव्हे, तर त्याच खोलीतल्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूस चिकटवून ठेवावी.