कुंडीतल्या झाडाची पानं चिकट का होतात? उत्तर कपाशीच्या शेतात आहे

घरात हौसेनं रबर प्लांट आणला. चार-सहा महिने मस्त चालला. मग एक दिवस पानाला हात लागला आणि बोटं चिकटली. फडक्यानं पुसलं, तर दोन दिवसांनी पुन्हा तेच. खालची फरशीसुद्धा चिकट. मग अंदाज सुरू होतात. पाणी जास्त झालं का? झाडातून डिंक गळतोय का? पोरांनी सरबत सांडलं का?

हेच झाड बुलढाणा जिल्ह्यातल्या कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याला दाखवा. तो आधी पान उलटं करेल आणि म्हणेल, "याच्यावर चिकटा पडला ना भाऊ!"

चिकटा म्हणजे काय?

मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण आणि काही खवले किडी झाडाचा रस पितात. या रसात साखर भरपूर आणि प्रथिनांचे घटक अगदी कमी असतात. पोट भरायला किडीला खूप रस प्यावा लागतो आणि जास्तीची साखर ती थेंबाथेंबानं बाहेर टाकते. तोच हा चिकटा. कपाशीवर पडला की बोंडातला कापूस चिकट होतो. घरात पडला की पान, टेबल आणि फरशी चिकट होते.

या साखरेवर काळी बुरशी वाढते. संत्र्याच्या बागेत काळ्या माशीमुळे असंच होतं, त्याला आपल्याकडे 'कोळशी' म्हणतात.

नेमकी कीड कशी ओळखायची?

चिकटा वरून खाली पडतो. म्हणून जे पान चिकट आहे, त्याच्या वरच्या पानाची खालची बाजू बघा. मोबाइलचा टॉर्च लावा.

• बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके : पिठ्या ढेकूण
• शिरांवर किंवा फांदीवर नखानं निघणारे तपकिरी फोड : खवले कीड
• कोवळ्या शेंड्यावर हिरवे-काळे दाटीवाटीचे किडे : मावा
• झाड हलवल्यावर उडणारे पांढरे ठिपके : पांढरी माशी

कुंडीवर मुंग्यांची रांग असेल तर तीही खूणच. त्या गोड खायला येतात.

बारीक जाळी दिसली, पण चिकटपणा नाही, तर तो लाल कोळी. रबर प्लांटच्या कापलेल्या जागीच पांढरा चीक असेल, तर तो झाडाचा स्वतःचा. सकाळी पानाच्या कडेला नुसते पाण्याचे थेंब असतील, तर काळजी नको.

घरातच जास्त का होतं?

शेतात पाऊस किडी धुऊन टाकतो, ढालकिडे त्यांना खातात. बैठकीत पाऊसही नाही आणि ढालकिडेही नाहीत. त्यात युरिया जास्त पडला, तर पालवी लुसलुशीत होते आणि किडींची चंगळ होते.

मग करायचं काय?

इथे एक चूक जिवावर बेतू शकते. घरात कपाशीच्या औषधाची बाटली पडलेली असते, तीच कुंडीवर मारायचा मोह होतो. असं अजिबात करू नका. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं अनेक शेतकरी आणि शेतमजुरांचा जीव गेला, तोही उघड्या रानात. आपण तर बंद खोलीची गोष्ट करतोय, जिथे लेकरं झोपतात.

त्याऐवजी असं करा :

1. झाड इतर कुंड्यांपासून लांब ठेवा.
2. ओल्या फडक्यानं पानं दोन्ही बाजूंनी पुसा. पिठ्या ढेकूण आणि खवले स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसानं काढा.
3. एक लिटर पाण्यात एक चहाचा चमचा सौम्य लिक्विड सोप मिसळा. आधी एका पानावर मारून एक दिवस थांबा. पान ठीक राहिलं, तर उन्हं उतरल्यावर झाड बाहेर नेऊन फवारा. पानाची खालची बाजू सोडू नका.
4. दर आठवड्याला, तीन-चार वेळा हेच करा. अंडी वाचतात आणि पिल्लं पुन्हा येतात. बरेच जण एकदाच फवारून सोडतात, तिथेच गाडी अडते.

तरीही कीड ओळखता आली नाही, तर एक पान प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून बुलढाणा किंवा जळगाव जामोदच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.

आणि हो, पान चिकट लागलं म्हणून पाणी बंद करू नका, झाड फेकूनही देऊ नका. आधी पान उलटं करून बघा.