गावानं एकत्र बसून वाचलेला ग्रंथ

कर्नाटकातल्या खानापूर-बेळगाव भागातल्या मराठी गावांत ज्ञानेश्वरीचं पारायण होतं. मला ते सामुदायिक वाचनाचं सर्वांत जिवंत रूप वाटतं.

ग्रंथ शके 1212 चा, म्हणजे 1290 चा. अठरा अध्याय, सुमारे नऊ हजार ओव्या. शके 1506 मध्ये एकनाथांनी त्याची प्रत शुद्ध केली. पारायणात वाचक ओळीनं बसतात, प्रत्येकापुढे स्वतःची पोथी असते. व्यासपीठचालक लय धरतो आणि सगळे एका सुरात ओव्या म्हणतात. अडखळणारा शेजाऱ्याच्या आवाजाबरोबर पुढे जातो. वाचन शिकवायची याहून प्रेमळ रीत मला माहीत नाही. पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. शेवटी दिंडी, काल्याचं कीर्तन आणि महाप्रसाद.

या सीमाभागात पारायणाला आणखी एक अर्थ आहे. सरकारी कामकाज कन्नडमध्ये चालतं, अनेक मुलं कन्नड शाळेत जातात. अशा मुलाला सातशे वर्षांपूर्वीची मराठी मोठ्यानं म्हणायला मिळते, तीही आजी-आजोबांच्या शेजारी बसून. परीक्षा नसते. ओवी कळली नाही, तर प्रवचनात तिचा उलगडा होतो.