बुर्गोसमधली जादा रात्र

स्पेनमधल्या ‘कामिनो’ या पायी यात्रेत सार्वजनिक धर्मशाळांचा एक नियम जवळपास सगळीकडे सारखा असतो: एका ठिकाणी एकच रात्र. सकाळी आठच्या सुमारास सगळ्यांना बाहेर पडावे लागते. आजारी माणसाला तेवढी सवलत मिळते. शहर पाहायला थांबायचे असेल तर आपले आपण हॉटेल शोधायचे. म्हणजे नियमाच्या लेखी यात्रेकरूचा एका रात्रीत पर्यटक होतो. सान्तियागोपर्यंतच्या सुमारे ७८० किलोमीटरांपैकी २८० चालून मी बुर्गोसला पोचले आणि दुसरी रात्रही राहिले. वाटेतल्या सोबत्यांपैकी काहींना ते रुचले नाही. चाल मोडली की यात्रा मोडली, असे त्यांचे म्हणणे.

आपल्या वारीत हा प्रश्नच येत नाही. माउलींची पालखी पुण्यात भवानी पेठेतल्या पालखी विठोबापाशी आणि तुकोबांची नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबापाशी दोन रात्री मुक्कामाला असते. मधल्या दिवशी तुळशीबाग, शनिवारवाडा पाहून आलेल्या वारकऱ्याला कोणी वारी मोडली म्हणत नाही, कारण पादुकाच थांबलेल्या असतात. कामिनोत पालखी नाही. थांबायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे आणि त्याचे समर्थनही ज्याचे त्याने शोधायचे. मला ते बुर्गोसच्या रचनेतच सापडले.

हे गाव ८८४ साली किल्ल्याच्या टेकडीपाशी वसले. पुढे यात्रेची वाट गावातून गेली आणि गाव तिच्या कडेने लांबत गेले. आजही पूर्वेकडून शिरताना आधी सान लेस्मेसचे चर्च लागते. लेस्मेस हा फ्रेंच संन्यासी. राणी कॉन्स्टन्सच्या बोलावण्यावरून तो इथे आला आणि यात्रेकरूंची शुश्रूषा करत १०९७ साली वारला. बुर्गोसचा ग्रामदैवत म्हणावा असा संत तोच आहे. राजे, सेनापती असताना गावाने आजाऱ्यांचे पाय धुणारा माणूस निवडला, हे मला फार बोलके वाटते. त्याच्या चर्चसमोरून वाट जुन्या वेशीत शिरते आणि चढत फेर्नान गोन्सालेस रस्त्यावर येते.

इथे कॅथेड्रल भेटते, पण मागच्या अंगाने. २० जुलै १२२१ रोजी पायाभरणी झालेली ही वास्तू उतारावर उभी आहे. यात्रेकरूंचा रस्ता वरच्या बाजूला, तर चर्चची जमीन सुमारे आठ मीटर खाली. त्यामुळे वरच्या रस्त्यावरच्या कोरोनेरिया दारातून आत पाऊल टाकले की माणूस जणू माडीवर उभा राहतो! ही उंची उतरण्यासाठी दिएगो दे सिलोए याने १५१९ पासून सोनेरी कठड्यांचा दुहेरी जिना बांधला. दोन्ही अंगांनी वळत खाली येणारा हा जिना पाहण्यात माझा अर्धा तास गेला. वरच्या आळीतले लोक खालच्या बाजारात जायला देवळातूनच ये-जा करत, आणि ती वर्दळ वळवण्यासाठी १५१६ मध्ये खालच्या पातळीवर वेगळे दार काढले, असे सांगतात. कोरोनेरियाचे दार आता बंद असते. यात्रेकरू त्याच्यापुढून जातो, वळसा घेऊन खाली उतरतो आणि शिक्क्यांचे पुस्तक दाखवून सवलतीचे तिकीट काढतो. आतली गर्दी बहुतेक एल सिदच्या थडग्याभोवती आणि तासाला तोंड उघडणाऱ्या ‘पापामोस्कास’ या घड्याळाच्या बाहुल्यापाशी असते.

वाट मात्र कॅथेड्रलपाशी संपत नाही. सान मार्तीनच्या कमानीतून उतरून, आर्लान्सोन नदीवरचा मालातोस पूल, म्हणजे महारोग्यांचा पूल, ओलांडून ती ‘ओस्पिताल देल रेय’पाशी येते. राजा आठव्या अल्फोन्सोने बाराव्या शतकाच्या अखेरीस हे रुग्णालय यात्रेकरूंसाठी उभारले आणि जवळच्या लास उएल्गास मठाच्या ताब्यात दिले. मठ जोगिणींचा, त्यामुळे इथला कारभार मठाधिपती बाईच्या हाती असे. सुरुवातीला सेवेकरी संन्यासी, शेवटी राजाचे रुग्णालय: गावाच्या दोन्ही टोकांना थकलेल्या माणसाची सोय आणि मध्ये सगळे वैभव. थांबणाऱ्यांसाठीच हे गाव इतके लांब पसरले. एका रात्रीचा नियम खाटा अपुऱ्या म्हणून असेल, तो मला मान्य आहे. त्यावरून कोणाची भक्ती मोजू नये.

रुग्णालयात आता विद्यापीठाचा कायदा विभाग भरतो. अंगणातल्या चर्चच्या लाकडी दारावर सोळाव्या शतकातले कोरीवकाम आहे: यात्रेकरूंचा एक घोळका, आणि त्यात तान्ह्याला पाजत असलेली एक बाई. त्या दारापुढे मी बराच वेळ उभी होते. मागून विद्यार्थी वह्या सांभाळत जात होते. एकच रात्र राहणारे बहुतेक जण पहाटे निघतात आणि अंधारात या भिंतीच्या कडेने पुढे जातात.