विजेची गिटार व तिचा दांडा

गत स्नेहसंमेलनात आमच्या शाळेच्या एका विद्यार्थ्याने विजेची गिटार वाजविली, हे पालकांच्या स्मरणात असेलच. पहिले गीत उत्तम वठले. दुसऱ्यात मात्र त्याने घोडीजवळील दांडा दोनतीन वेळा दाबला आणि तारा उतरल्या त्या उतरल्याच. बिचारा घामाघूम झाला. "सर, ज्याने हा दांडा शोधिला त्यास हे कळले नव्हते काय?" असे त्याने पडद्याआड आम्हांस विचारले. त्या प्रश्नाचा माग काढताना जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवीत आहो.

प्रथम विजेचे पाहू. साध्या गिटारीचा नाद पोकळ लाकडी पेटीमुळे वाढतो खरा, पण मोठ्या वाद्यवृंदात तो बुडून जाई. अमेरिकेतील जॉर्ज बीचम ह्या वादकाने त्यावर उपाय काढिला. पोलादी तारांजवळ लोहचुंबक व तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे ठेविले, तर तार कंप पावताच चुंबकक्षेत्र हालते व वेटोळ्यात तितक्याच आंदोलनांचा क्षीण प्रवाह उत्पन्न होतो. फॅरडेने 1831 साली दाखविलेला हा नियम वरच्या वर्गांतील मुलांस ठाऊक आहे. तो प्रवाह वाढवून कर्ण्यास दिला की झाले! 1931 साली पहिला नमुना सिद्ध झाला. पुढे अडॉल्फ रिकनबॅकर यांच्या साहाय्याने तीच गिटार ॲल्युमिनियमची ओतून विकू लागले. तिचा आकार पाहून लोक तिला तवा म्हणत. बीचमने पेटंटासाठी अर्ज केला; पण हे विजेचे उपकरण की वाद्य, ह्या घोळात वेळ गेला आणि 1937 साली पेटंट हाती येईतो इतर कारखानदार तशाच गिटारी विकू लागले होते. 1941 साली बीचम निवर्तला.

हा तवा मांडीवर आडवा ठेवून, तारांवर पोलादी तुकडा सरकवून वाजवीत. ही हवाई बेटांतील रीत. तीत मींड व स्वरांचे आंदोलन सहज निघते. आपला सतारिया पडद्यावर तार आडवी ओढून तेच साधतो. उभ्या गिटारीवर तसा हवाई झोल कसा आणावा, हाच दांड्याच्या जन्मामागील प्रश्न होय.

क्लेटन कॉफमन ह्या कारागिराने 1929 साली पेटंटासाठी अर्ज केला व 1932 साली ते मिळविले. त्याचा दांडा हालविला की तारांचा ताण कमीजास्त होई. रिकनबॅकरच्या एका गिटारीत तर हे काम मोटार करी. ती इतकी जड झाली की तिला आधारास खांब द्यावा लागे! हा आम्हांस शोधापेक्षा हट्टच अधिक वाटतो. शिवाय तारा पुन्हा सुरात येत नसत. मर्ल ट्रॅव्हिस ह्या वादकाने तीच तक्रार घेऊन आपली गिटार पॉल बिग्सबीकडे नेली, तेव्हा त्याने दुरुस्ती सोडून 1950 च्या सुमारास नवाच दांडा घडविला.

दोष होता घर्षणाचा. ताण सैल होताना तार घोडीवरून सरकते आणि परतताना मध्येच अडते. लिओ फेंडरने 1954 सालच्या गिटारीत घोडीच तारांसह हालती केली व मागील पोकळीत स्प्रिंगा बसवून तारांच्या ओढीस तोल दिला. ह्याच फेंडरचा पहिला भागीदार कॉफमन होता. धंद्याची धास्ती वाटून 1946 साली त्याने आपला वाटा सोडला व मोबदल्यात पत्रा ठोकण्याचे एक यंत्र घेतले. फेंडरने दांड्यास 'ट्रेमोलो' म्हटले. वास्तविक ट्रेमोलो म्हणजे नादाच्या लहानमोठेपणाचे आंदोलन. स्वराच्या उंचीचे ते व्हायब्रेटो. चुकीचे नावच रूढ झाले.

आपल्याकडे लखनऊचे व्हॅन शिपली मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले व विजेच्या गिटारीवर त्यांनी कितीतरी चित्रपटगीते ध्वनिमुद्रित केली. त्यांनी दांड्याची वाट न धरता हवाई रीतच स्वीकारली.

आमच्या विद्यार्थ्याची गिटार फेंडरच्याच धर्तीची निघाली. घोडी निर्दोष होती. तार अडत होती ती वरच्या टोकास, खुंट्यांलगतच्या पट्टीच्या खाचेत. तेथे आम्ही शिसपेन्सिलीची पूड भरली. आता दांडा दाबून सोडला की तारा बव्हंशी सुरात येतात. तिसरी अजून किंचित उतरते.