यंत्रमानवांची स्पर्धा आणि विजयाचे मोल

सामना सुरू होण्यास दहा मिनिटे उरली असता एका संघाचा यंत्रमानव बंद पडतो, आणि त्याला हवी असलेली मोटर नेमकी प्रतिस्पर्धी संघाच्या पेटीत शिल्लक असते. ती द्यावी की न द्यावी? विद्यार्थ्यांच्या यंत्रमानव-स्पर्धांतील सर्वांत अवघड प्रश्न यंत्रशास्त्राचा नव्हे, तर हा आहे.

अमेरिकेतील ‘फर्स्ट’ या संस्थेने या प्रश्नाचा मुळापासून विचार केला. डीन केमन या संशोधकाने १९८९ मध्ये ती स्थापन केली आणि १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यातील मँचेस्टर येथे एका शाळेच्या व्यायामशाळेत २८ संघांची पहिली स्पर्धा भरली. जिद्दीने लढावे, परंतु प्रतिस्पर्ध्याचा मान राखावा, ही शिकवण तेथे एम.आय.टी.चे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनी रुजविली. तिला त्यांनी केवळ उपदेशावर सोडले गेले नाही. या स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत तीन-तीन संघांच्या आघाड्या दर सामन्याला बदलतात. सकाळचा प्रतिस्पर्धी दुपारी साथीदार होऊ शकतो. शिवाय सर्वोच्च सन्मान मैदानातील विजेत्यास नव्हे, तर इतरांना आदर्शवत ठरणाऱ्या संघास दिला जातो.

तथापि नियमांच्या सामर्थ्यालाही मर्यादा असतात. २०१० चा खेळ फुटबॉलच्या धर्तीवर होता. प्रतिस्पर्ध्याला चिरडण्याचा मोह होऊ नये, म्हणून विजेत्यांना पराभूतांच्या गुणांच्या दुप्पट अधिक लाभ, तर पराभूतांना विजेत्यांच्या गुणांइतका लाभ क्रमवारीसाठी ठेवण्यात आला. हेतू उदात्त होता. परंतु मुलांनी हिशेब मांडला आणि काही सामन्यांत सहाही यंत्रमानव एकाच बाजूसाठी गोल करू लागले! अखेर विजयाला पाच जादा गुण देऊन नियम दुरुस्त करावा लागला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटणार नाही. सौजन्याला गुण लावले, की सौजन्यही हिशेबाचीच बाब होते.

मग विजयाची आकांक्षाच त्याज्य मानावी काय? २००१ मध्ये चार संघांना एकाच बाजूने, प्रतिस्पर्ध्यावाचून खेळविण्यात आले होते. पुढच्याच वर्षी प्रतिस्पर्धी मैदानात परतले. वस्तुतः सोळा वर्षांच्या मुलाला रात्री उशिरापर्यंत बिघडलेल्या जोडणीशी झुंजविते ती जिंकण्याची ईर्षाच होय. ती निंद्य नाही. मात्र खेळ दरवर्षी बदलतो, यंत्र जुने होते. टिकते ते मुलाने स्वतः कमावलेले कौशल्य. विजय हे त्या कौशल्याचे माप आहे. बंद पडलेल्या यंत्रावर मिळविलेला विजय कशाचेच माप ठरत नाही, आणि प्रशिक्षकाने स्वतः बांधलेल्या यंत्राचा विजय तर मुलांचाही नसतो.

आपल्याकडेही शाळा-महाविद्यालयांतून अशा स्पर्धा रुजत आहेत. त्यांवर खर्च होतो, त्यामुळे चषकाची अपेक्षाही वाढते. पालकांनी व संस्थाचालकांनी परतलेल्या मुलांना ‘कितवा क्रमांक?’ असे जरूर विचारावे. परंतु ‘काय शिकलात, आणि कोणाला मदत केलीत?’ हेही त्याच उत्सुकतेने विचारावे. ती मोटर द्यावी की न द्यावी, हे नियमपुस्तिका ठरवीत नाही. घरी परतल्यावर कोणता प्रश्न आधी विचारला जाणार आहे, हे मुलांना ठाऊक असते. उत्तर बहुधा तेथेच ठरते.