आपल्या वस्तीची बातमी केबलवर का येत नाही? स्थानिक वाहिनीचा इतिहास आणि कारभार समजून घेऊया

मागच्या पावसाळ्यात मेहकर तालुक्यातील एका गावात आम्ही बैठकीला गेलो होतो. बौद्ध वस्तीतून स्मशानभूमीकडे जाणारा रस्ता वाहून गेला होता. आदल्याच आठवड्यात एका आजीची अंत्ययात्रा गुडघाभर पाण्यातून न्यावी लागली होती. पोरांनी मोबाईलवर त्याचे चित्रीकरण केले आणि केबलवर बातम्या दाखवणाऱ्या एका स्थानिक वाहिनीकडे पाठवले. दोन दिवस काहीच आले नाही. तिसऱ्या दिवशी फोन केला तर समोरून प्रश्न आला, "तुमच्या गावानं जयंतीची जाहिरात देली होती का?"

पोरांचा संताप साहजिक होता. "यांच्यावर बहिष्कार टाका" असेही काही जण म्हणाले. पण बहिष्कार टाकण्याआधी ही वाहिनी चालते कशी, तिचा पैसा कुठून येतो आणि तिला कोणता कायदा लागू होतो, हे आपल्याला माहीत आहे का? त्या दिवशी आमच्यापैकी कोणालाच नीट सांगता आले नाही. त्यानंतर आम्ही केबलचालकांना भेटलो, जुन्या कॅमेरामनांशी बोललो, नियम वाचले. त्यातून जे हाती आले ते येथे मांडत आहोत.

अंगणातून पाहिलेला टीव्ही

भारतात दूरदर्शनचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. मुंबई केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आले. १९८४ च्या सुमारास देशभर भराभर प्रक्षेपक उभे राहिले आणि लहान शहरांपर्यंत दूरदर्शन पोहोचले. यातले बरेचसे लघुशक्ती प्रक्षेपक होते. त्यांचा पल्ला साधारण १० ते १५ किलोमीटर. हे प्रक्षेपक वरून आलेला कार्यक्रम फक्त पुढे पाठवत. दिल्ली आणि मुंबईचे चित्र गावात येत होते, गावाचे चित्र कुठेच जात नव्हते.

आमच्या आधीची पिढी सांगते की गावात एकदोन घरांतच टीव्ही असायचा आणि ती घरे बहुधा पाटलाची किंवा व्यापाऱ्याची असायची. आपली लेकरे ओसरीच्या खाली, अंगणात बसून पाहायची. काही ठिकाणी तेही बसू दिले जात नसे. टीव्ही कोणाच्या घरात आहे यावरून कोण कुठे बसणार हे ठरत होते. स्थानिक वाहिनीचा विचार करताना ही गोष्ट विसरता येत नाही.

केबल आली, कॅमेरा गावात आला

१९९१ मध्ये स्टार टीव्ही आणि २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही सुरू झाला. या वाहिन्या पकडायला मोठी डिश लागे. मग शहराशहरांत एखादा धडपड्या तरुण डिश बसवायचा आणि खांबांवरून, गच्च्यांवरून वायर ओढून शेपाचशे घरांना जोडणी द्यायचा. याच माणसाच्या लक्षात आले की एक चॅनेल मोकळे ठेवून त्यावर व्हीसीआर लावला की आपणही काही दाखवू शकतो. आधी सिनेमे लागले, मग गणपतीची मिरवणूक, मग लग्नाची शूटिंग करणारा कॅमेरामन धरून अर्ध्या तासाच्या बातम्या. महाराष्ट्रातील तालुक्यातालुक्यांत स्थानिक वाहिनी अशी जन्माला आली.

हा कारभार बरीच वर्षे कायद्याविना चालला. १९९५ मध्ये केबल टेलिव्हिजन नेटवर्क (नियमन) कायदा आला. केबलचालकाने मुख्य टपाल कार्यालयात नोंदणी करणे बंधनकारक झाले. कार्यक्रम संहिता आणि जाहिरात संहिता लागू झाल्या. धर्म किंवा समाजघटकांवर हल्ला करणारा, बदनामीकारक किंवा हिंसेला चिथावणी देणारा कार्यक्रम दाखवण्यास मनाई झाली.

पुढे २०१२ पासून केबल टप्प्याटप्प्याने डिजिटल झाली. आधी महानगरे, मग मोठी शहरे, तिसऱ्या टप्प्यात उरलेली शहरे आणि चौथ्या टप्प्यात ग्रामीण भाग. शेवटच्या टप्प्याची मुदत मार्च २०१७ पर्यंत वाढवली गेली होती. सेट टॉप बॉक्स घरोघरी आला आणि छोट्या केबलचालकाची स्थिती बदलली. आधी नियंत्रण कक्ष त्याचा स्वतःचा होता. आता वाहिन्या गोळा करून त्यांचे डिजिटल सिग्नल पाठवणारा मोठा चालक, म्हणजे मल्टी सिस्टीम ऑपरेटर, वेगळा झाला आणि गावातला केबलवाला फक्त जोडणी देणारा आणि पैसे गोळा करणारा उरला. त्यामुळे स्थानिक वाहिनीला कोणता क्रमांक मिळेल, मिळेल की नाही, हे जिल्ह्याबाहेर बसलेला माणूसही ठरवू शकतो.

रोजचा कारभार

तालुक्याच्या वाहिनीचे कार्यालय म्हणजे बहुधा दोन खोल्या. एकीत निवेदिकेची खुर्ची, मागे पडदा, दोन दिवे आणि कॅमेरा. दुसरीत संगणक, ज्यावर संकलन होते. तयार झालेले बातमीपत्र मोठ्या चालकाच्या नियंत्रण कक्षात जाते आणि तेथून ऑप्टिकल फायबरने शहरभर पसरते. अर्ध्या तासाचे बातमीपत्र दिवसातून अनेकदा पुन्हा लावतात. मधल्या वेळात गाणी, भाषणे, जाहिराती आणि खाली सरकणारी पट्टी.

गावोगावचे प्रतिनिधी बहुतेक बिनपगारी असतात. ओळखपत्र मिळते, माईकवर लावायचा बूम मिळतो आणि जाहिरात आणली तर तिच्यात हिस्सा मिळतो. म्हणजे बातमी आणणारा आणि जाहिरात आणणारा माणूस एकच. रस्त्याची बातमी ग्रामपंचायतीच्या विरोधात जाते आणि दिवाळीची जाहिरात त्याच सरपंचाकडून यायची असते. मेहकर तालुक्यातील त्या गावात नेमके हेच झाले. त्यामागे जात होती की पैसा, असे विचारले तर आमचे उत्तर असे: जाहिरात देण्याची ऐपत कोणाची, हे गावात जातीनेच ठरत आलेले आहे. म्हणून पैशावर चालणारी निवड दिसायला तटस्थ असते, पण तिचा फटका ठरावीक वस्तीलाच बसतो.

२०११ च्या जनगणनेनुसार बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजारांच्या घरात आहे आणि त्यात बौद्ध साधारण १४ टक्के आहेत. दर सात माणसांमागे एक. तरी स्थानिक पडद्यावर आपण १४ एप्रिलला शुभेच्छांच्या जाहिरातीत आणि मिरवणुकीत दिसतो, आणि मग थेट ६ डिसेंबरला. मधल्या महिन्यांत शिष्यवृत्ती अडलेली असते, घरकुलाची यादी लागलेली असते, गायरान जमिनीवरून नोटिसा आलेल्या असतात. त्या काळात आपण पडद्यावर नसतो.

नियम काय सांगतात

३० नोव्हेंबर २०२२ रोजी केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने स्थानिक वाहिन्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत अशा वाहिन्यांना 'प्लॅटफॉर्म सर्व्हिसेस' म्हटले आहे. त्यातील आपल्या कामाचे मुद्दे असे:

१. प्रत्येक स्थानिक वाहिनीची नोंदणी करावी लागते. शुल्क एकदाच, एक हजार रुपये.

२. मोठ्या चालकाच्या एकूण क्षमतेच्या ५ टक्क्यांपर्यंतच अशा वाहिन्या ठेवता येतात. मात्र जिल्ह्याच्या गरजेसाठी प्रत्येक जिल्ह्यात आणखी दोन वाहिन्यांची मुभा आहे.

३. स्थानिक बातम्या दाखवायच्या असतील तर चालक कंपनी म्हणून नोंदलेला असला पाहिजे.

४. दाखवलेल्या सर्व कार्यक्रमांचे रेकॉर्डिंग ९० दिवस जपून ठेवावे लागते.

५. तक्रार असेल तर ती प्राधिकृत अधिकारी आणि जिल्हा किंवा राज्य संनियंत्रण समितीकडे जाते.

जिल्हा समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. तीत महिलांसाठी आणि बालकांसाठी काम करणाऱ्या संस्थांचे प्रतिनिधी, तसेच शिक्षण आणि समाजशास्त्र क्षेत्रातील व्यक्ती घेण्याची तरतूद आहे. आपल्या किती कार्यकर्त्यांना ही समिती माहीत आहे? निवडणुकीच्या काळात आणखी एक समिती काम करते, ती माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समिती. सर्वोच्च न्यायालयाच्या १३ एप्रिल २००४ च्या आदेशानुसार टीव्ही आणि केबलवरील राजकीय जाहिरात आधी प्रमाणित करून घ्यावी लागते. पैसे घेऊन छापलेल्या किंवा दाखवलेल्या बातमीची तक्रारही तेथे करता येते.

नागपूरचा धडा

स्वतःची वाहिनी काढता येते, हे नागपूरने दाखवले. लॉर्ड बुद्धा टीव्ही आणि आवाज इंडिया टीव्ही या दोन्ही वाहिन्या नागपुरातून उभ्या राहिल्या. दीक्षाभूमीवरचा सोहळा, भंतेजींची प्रवचने, प्रबोधनाची गाणी त्यांनी घरात आणली. विहारात जाता न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी हे मोठे काम आहे. पण उपग्रह वाहिनीचा खर्च मोठा. परवान्यासाठी साधारण वाहिनीला ५ कोटी आणि बातम्यांच्या वाहिनीला २० कोटी रुपयांचे निव्वळ मूल्य दाखवावे लागते. पुढे उपग्रहाचे भाडे, केबल आणि डिशवर जागा मिळवण्याचा खर्च वेगळा. प्रत्येक जिल्ह्याने असे काही उभारावे हे शक्य नाही, आणि नागपूरच्या वाहिनीने आपल्या गावच्या रस्त्यापर्यंत पोहोचावे ही अपेक्षाही रास्त नाही. ते काम जिल्ह्यातच व्हायला हवे.

"आता युट्यूब आहे, केबल कशाला?" असे तरुण विचारतात. खरे आहे, अनेक स्थानिक वाहिन्याही तिकडे गेल्या आहेत. पण युट्यूबवर आपले चित्रीकरण बहुतेक आपलीच माणसे पाहतात. केबलवरची बातमी बाजारपेठेत, तहसीलच्या चहाच्या टपरीवर, समोरच्या आळीतही दिसते. म्हणूनच तिची दखल घेतली जाते. दोन्ही वापरावे लागेल.

आपण काय करायचे

पहिले, बातमी बातमीसारखी पाठवा. तारीख, ठिकाण, काय घडले, संबंधित अधिकाऱ्याला दिलेल्या निवेदनाची प्रत आणि एका मिनिटाचे स्थिर, आडवे चित्रीकरण. नुसत्या घोषणांचे चित्रीकरण कोणीही दाखवत नाही. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची आणि बालकाची ओळख उघड करणे गुन्हा आहे, हे कधीही विसरू नका.

दुसरे, माहिती अधिकारात जिल्हाधिकारी कार्यालयाकडे विचारा: संनियंत्रण समितीवर कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली, जिल्ह्यात किती स्थानिक वाहिन्या नोंदलेल्या आहेत. समितीत जागा रिकामी असेल तर संस्थांनी नाव सुचवावे.

तिसरे, तक्रार करायची असेल तर ९० दिवसांच्या आत लेखी करा. त्यानंतर पुरावा जपण्याचे बंधन राहत नाही.

चौथे, जयंती मंडळांनी जाहिरात देताना हिशेब मांडावा. तालुक्यातील मंडळे वेगवेगळी जाहिरात देण्याऐवजी एकत्र बसली तर वर्षभर आठवड्यातून एक कार्यक्रम मागता येईल. शुभेच्छांच्या फोटोंवर जाणारा पैसा शिष्यवृत्तीच्या माहितीवर गेला तर आपल्याच लेकरांच्या कामी येईल.

पाचवे, आपली आठवण आपण जपा. एका जुन्या कॅमेरामनने आम्हाला सांगितले की कॅसेट महाग म्हणून त्याच कॅसेटवर पुन्हा पुन्हा चित्रीकरण व्हायचे. जुन्या जयंत्या, नामांतरानंतरच्या सभा, वस्तीतल्या शाहिरांची गाणी अशीच पुसली गेली. घरात पडलेल्या कॅसेट शोधा आणि बुरशी लागण्याआधी संगणकावर उतरवून विहारात ठेवा.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले तेव्हा हाती साधने थोडी होती. दुसऱ्यांच्या पत्रांत आपली बाजू नीट येणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत' अशी एकामागून एक पत्रे त्यांनी उभी केली, कारण प्रत्येक टप्प्यावर नवी गरज होती.

त्या गावातल्या पोरांनी पुढे काय केले? तेच चित्रीकरण, गटविकास अधिकाऱ्यांना दिलेल्या निवेदनाच्या पोचपावतीसह, दुसऱ्या वाहिनीकडे पाठवले. बातमी आली. रस्त्यावर सध्या मुरूम पडला आहे, पक्का रस्ता अजून झालेला नाही. पोरे दर पंधरा दिवसांनी तेथे जाऊन एक मिनिटाचे चित्रीकरण करतात आणि तारीख टाकून जपून ठेवतात.

जय भीम! नमो बुद्धाय!